मळ्यातल्या घरात लाकूड आणि दगडी कोळशाची भट्टी बसवताना

बैठक ऊबदार ठेवणारी भट्टी खोलीच्या कुठल्या कोपऱ्यात बसवायची, हे गच्चीवर चढल्याशिवाय ठरवू नये. नाशिकला मखमलाबादच्या पुढे द्राक्षमळ्यातलं हे घर साधंच आहे. तळमजला, वर सपाट स्लॅब, स्लॅबवर जिन्याची खोली आणि पाण्याच्या दोन टाक्या. घरच्यांनी बैठकीचा आग्नेय कोपरा आधीच धरून ठेवला होता. वर जाऊन टेप लावली, तर त्या कोपऱ्याच्या डोक्यावर नेमके दोन बीम मिळालेले आणि दोन फुटांवर प्लास्टिकची टाकी. धुराडं जितकं सरळ वर जाईल तितकं चांगलं ओढतं. प्रत्येक बाकाला ओढ कमी होते आणि काजळीही तिथेच साठते. म्हणून भट्टी साडेतीन फूट उत्तरेला सरकवली. आग्नेय दिशा थोडी हुकली, पण पाइपात एकही बाक राहिला नाही.

ही भट्टी हवी होती ती शेगडी बंद करण्यासाठी. डिसेंबर-जानेवारीत निफाड-नाशिकच्या पट्ट्यात पारा एक आकडी होतो आणि मळ्यातल्या घरांत लाकडी कोळशाची शेगडी झोपायच्या खोलीत आणली जाते. धूर नाही म्हणजे धोका नाही, असं सगळ्यांना वाटतं. खरा धोका तिथेच असतो. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी त्याला धरून ठेवतं. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. माणूस म्हणतो पित्त झालंय, आणि कूस बदलून झोपतो. दारं-खिडक्या लावून शेगडी पेटती ठेवू नका, मग ती चार निखाऱ्यांची का असेना. भट्टीतही हाच वायू तयार होतो, पण तिथे त्याला बाहेर जायला वाट असते. ती वाट कायम उघडी ठेवणं, हेच भट्टी बसवण्यातलं बहुतेक काम. गॅस किंवा हीटर बटण फिरवून बंद करता येतो. पाच किलो पेटता कोळसा तसा विझवता येत नाही. घरातलं कुणी लक्ष देत नसलं, वीज गेली असली, तरी काही बिघडू नये अशा बेतानेच सगळं बांधावं लागतं.

स्लॅबला भोक पाडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून जागेवर खूण करून घेतली. पाइप ६ इंचाचं, त्याभोवती उष्णता अडवणाऱ्या २५ मिलिमीटर सिरॅमिक ब्लँकेटचे दोन वेढे, म्हणजे १० इंच. त्याबाहेर पत्र्याची बाही, म्हणून १२ इंची कोअर, म्हणजे यंत्राने कापलेलं गोल भोक. एवढ्या भोकात दोन्ही दिशांच्या मिळून चार-पाच सळया सहज कापल्या जातात. बीमच्या लगत किंवा बाहेर आलेल्या छज्ज्यात असं भोक घेऊ नये. हातोडा-छिन्नीने फोडू नये, कोअर कटिंगच करून घ्यावं. हातोड्याने खालच्या बाजूचे पोपडे निघतात आणि सळया हादरतात.

खाली पीओपीचं सीलिंग होतं, लाकडी चौकटीवरचं. उघड्या, एकेरी पाइपापासून जळणारी कुठलीही वस्तू १८ इंच लांब हवी. ६ इंचाचं पाइप आणि दोन्हीकडे अठरा-अठरा, असा ४२ इंचांचा चौकोन सीलिंगमधून कापून काढला. घरच्यांना ते जिवावर आलं. पण सीलिंगच्या आतली चौकट डोळ्यांना दिसत नाही, आणि रोज भाजत राहिलेल्या लाकडाला पेट घ्यायला लागणारी उष्णता वर्षागणिक कमी होत जाते. पहिल्या हिवाळ्यात काही झालं नाही, म्हणजे पाचव्यात होणार नाही असं नाही. जुन्या नाशकातल्या वाड्यात कुणी भट्टी बसवायला निघालं असेल, तर सागवानी तुळया आणि पाटईच्या बाबतीत हे दुप्पट ध्यानात ठेवावं.

धुराड्याच्या उंचीचा हिशेब ३-२-१० असा असतो. छतातून जिथे बाहेर निघतं तिथून किमान ३ फूट, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्याही वर २ फूट. सपाट गच्चीवर ३ फूट पुरतील असं वाटतं. इथे मात्र सात फुटांवर आठ फूट उंचीची जिन्याची खोली होती. म्हणजे धुराडं गच्चीपासून १० फूट. कमी ठेवलं असतं, तर पश्चिमेचा वारा जिन्याच्या खोलीवर आपटून खाली वळला असता आणि धूर परत बैठकीत आला असता. एवढं उंच पाइप नुसतं उभं राहत नाही. पाच फुटांच्या वर गेलं की ताण द्यावे लागतात. दोन तृतीयांश उंचीवर पट्टी आवळून तीन दिशांना तीन तारा दिल्या.

पाइप कशाचं घ्यायचं, यात सगळ्यात जास्त चुका होतात. फॅब्रिकेशनवाल्याने पहिल्या खेपेला जीआयचं, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं पाइप आणलं. नवं, चकचकीत, स्वस्त. ते परत पाठवलं. त्यावरचं जस्त ४१९ अंशांना वितळतं, आणि भट्टी जोरात असताना तिच्या तोंडाशी धूर त्याच्याही वर तापू शकतो. जस्ताची वाफ छातीत गेली की थंडी वाजून ताप भरतो. सिमेंटचं एसी पाइप तर पाहूच नये. ते तापून तडकतं, आणि त्यात ॲस्बेस्टॉस असतो. या घरात कॉलरपासून, म्हणजे भट्टीवरच्या धुराच्या तोंडापासून, सीलिंगपर्यंत २ मिलिमीटरचं काळं एमएस (साध्या पोलादाचं) पाइप लावलं, कारण त्याची धग खोलीला मिळते. स्लॅबपासून वर १ मिलिमीटरचं स्टेनलेस, ३१६ नंबरचं. नुसतं लाकूडच जाळणार असाल तर ३०४ चालतं. दगडी कोळशात गंधक असतो. त्याची काजळी पावसाळी हवेत ओली झाली की आम्ल तयार होतं आणि हलकं पाइप आतून खातं.

पाइपांचा जोड देताना अरुंद टोक नेहमी खाली, म्हणजे वरचं पाइप खालच्याच्या पोटात. बरेच जण उलटं लावतात, धूर बाहेर गळू नये म्हणून. धूर ओढीनेच वर जातो, तो जोडातून बाहेर येत नाही. गळतं ते ओल्या लाकडाचं काळं डांबर. जोड उलटा असेल तर ते पाइपाच्या बाहेरून ओघळतं, धगीवर जळतं आणि घरभर वास सुटतो. प्रत्येक जोडाला सारख्या अंतरावर तीन स्क्रू.

स्लॅबच्या भोकाशी आल्यावर मिस्त्रींनी घमेलं कालवून तयार ठेवलं होतं. “भाऊ, सिमेंट भरून टाकतो, थेंब गळणार नाही.” इथे थांबवावं लागलं. साडेतीन मीटरचं स्टेनलेसचं धुराडं अडीचशे अंशांनी तापलं की साधारण १४ मिलिमीटर लांबतं, म्हणजे करंगळीच्या जाडीइतकं. सिमेंटात पक्कं केलं तर पहिल्याच आठवड्यात एकतर सिमेंट तडकतं नाहीतर पाइप वाकतं, आणि पावसाळ्यात भिंतीवरून तपकिरी ओघळ उतरतात. सिमेंट फक्त बाही आणि स्लॅब यांच्यामध्ये भरलं. बाही गच्चीच्या वर ६ इंच काढली, तिच्या पायाशी सिमेंटचा गोल वाटा (गोलसर कोपरा) करून घेतला. पाइपाला वरून छत्रीसारखा पत्र्याचा घेर आवळला, तो बाहीच्या तोंडावर नुसता झाकण धरून राहतो. पाइप वर-खाली हलतं, पाणी आत जात नाही. वरच्या पाइपाचं वजन स्लॅबवर टेकलेल्या अँगलने घेतलं. ते भट्टीवर येऊ द्यायचं नाही. खालच्या जोडात मात्र स्क्रू न लावता दोन इंच सरकायला जागा सोडली.

चौथऱ्यासाठी कुणीही शहाबादी किंवा कडप्पा सुचवतं. दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. एका जागी धग लागून तडकतात, आणि थंडीत गार पाणी सांडलं तर आवाज करून फुटतात. व्हिट्रिफाइड टाइलही उडते. टाइल काढून कोब्यावर साध्या भाजलेल्या विटांचा ४ इंची थर दिला, वर सांध्यांत पातळ दर्जा भरला. चौथरा भट्टीच्या दारापुढे १८ इंच आणि बाजूंना ८ इंच बाहेर काढला, कारण दार उघडताना निखारा पुढेच पडतो. भट्टीचे पाय ६ इंच उंच, खालून हवा खेळावी म्हणून.

भिंत विटांची आहे, ती काय पेटणार, असं वाटतं. पण साडेचार इंची भिंतीच्या पलीकडे झोपायच्या खोलीतलं प्लायचं कपाट भिंतीला चिकटून होतं. ते हलवायला लावलं. भट्टीपासून जळणारी वस्तू ३६ इंच लांब हवी. एवढी जागा नसेल तर भिंतीपासून १ इंच पुढे २४ गेजचा पत्रा ठोकावा, खाली आणि वर इंचभर उघडा ठेवून. मागून हवा वर चढत राहते, आणि अंतर १२ इंचांवर आणता येतं. पत्रा भिंतीला सपाट चिकटवला तर त्याचा काही उपयोग नाही. सोफा, पडदा, वाळत घातलेले स्वेटर यांना मात्र ३६ इंचच.

भट्टी ६ मिलिमीटर एमएस प्लेटची, ६०० रुंद, ५०० खोल, ७५० उंच. नुसत्या प्लेटचं वजन १०० किलोच्या वर, विटा-जाळीसकट २४० च्या आसपास. आतून फायर ब्रिकचं अस्तर, ९ × साडेचार × ३ इंचांची वीट उभी लावून. २४ विटा बसल्या. कापताना मोडतात म्हणून ३० आणल्या होत्या. नाशकात एकलहऱ्याच्या राखेच्या, फ्लाय ॲशच्या विटा स्वस्त आणि हाताशी असतात. भिंतीला उत्तम, भट्टीच्या आत नको. त्या सिमेंटने बांधलेल्या असतात, आणि सिमेंट चार-साडेचारशे अंशांपुढे सुटायला लागतं. सांध्यांतही सिमेंट नाही, फायर क्ले. सांधा दोन-तीन मिलिमीटरचाच. जाड सांधा गळून पडतो. दाराच्या खाचेत ग्लास फायबरची दोरी बसवली. दारात कागदाचा कपटा धरून दार लावायचं आणि ओढून पाहायचं. चारही बाजूंना तो अडकला पाहिजे.

जाळी बिडाची, १७ × १३ इंच. वेल्डर ती अँगलवर टाचून देणार होता. जाळी कधीही टाचायची नाही, नुसती ठेवायची, आणि चारही बाजूंना ५-६ मिलिमीटर फट. लाल होईपर्यंत तापलेली १७ इंचांची जाळी जवळजवळ ३ मिलिमीटर वाढते. जागा मिळाली नाही तर ती स्वतः तरी फुटते नाहीतर विटा ढकलते.

लाकूड आणि कोळसा एकाच भट्टीत जाळायचे तर हवेच्या दोन वाटा लागतात. लाकडाला वरून हवा पुरते, ते राखेच्या गादीवर सुखाने जळतं. दगडी कोळशाला जाळीखालून हवा मिळाली नाही तर तो धुमसत बसतो. म्हणून खाली राखेच्या ट्रेसमोर एक झडप आणि वरच्या दारात दुसरी. धुराड्यातली झडप पूर्ण बंद होता कामा नये. तिच्या चकतीचा पाव भाग कापून टाकला, कुणी रात्री ऊब टिकावी म्हणून गच्च फिरवली तरी वाट उघडी राहील.

खोलीलाही हवा हवी. भट्टीशेजारी बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत ४ इंची भोक घेऊन उंदीर येणार नाही अशी जाळी लावली. मग खरी परीक्षा घेतली. सगळी दारं-खिडक्या बंद, स्वयंपाकघरातली किचन चिमणी पूर्ण वेगावर, आणि भट्टीच्या दारात उदबत्ती. उदबत्तीचा धूर क्षणभर आत गेला आणि उलट खोलीत परतला. किचन चिमणीवर ताशी १२०० घनमीटर लिहिलेलं असतं. ती एवढी हवा ओढते, तेव्हा घराला सगळ्यात सोपं उघडं तोंड सापडतं ते धुराड्याचं. स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं उघडल्यावर उदबत्तीचा धूर सरळ आत ओढला जाऊ लागला. त्या खिडकीला आता पूर्ण बंदच होणार नाही असा ठोकळा बसवलाय. ही परीक्षा विस्तव घालण्याआधी घ्यायची. पेटत्या भट्टीवर ती घेता येत नाही.

झोपायच्या खोल्यांत कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म लावले, बॅटरीवरचे, उशीच्या उंचीपासून डोक्याच्या उंचीपर्यंत कुठेही चालतात. अलार्म ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) एक ते चार तासांत वाजतो, ४०० ला चार ते पंधरा मिनिटांत. धुराचा अलार्म वेगळा, तो याचं काम करत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला की दारं उघडत सगळ्यांनी बाहेर यायचं. कारण नंतर शोधायचं.

फायर क्ले दोन दिवस सुकू दिली. पहिला विस्तव मूठभर काड्यांचा, अर्धा तास. थंड होऊ दिलं. दुसरा थोडा मोठा, तिसरा त्याहून. ओल एकदम वाफ झाली तर सांधे फुटतात. रंगाचा वास पहिल्या दोन-तीन वेळा येतोच, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवाव्यात. गार सकाळी धुराड्यात थंड हवेचा खांब बसलेला असतो आणि धूर खाली येतो. तेव्हा वर्तमानपत्राचा एक कागद पिळून कॉलरच्या तोंडाशी पेटवायचा. घुऊं असा आवाज आला की ओढ लागली.

दगडी कोळसा लिंबापासून अंड्याच्या आकारापर्यंतचा घ्यावा. चुरी हवा कोंडते. आधी लाकडाचे लाल निखारे करायचे, मग कोळसा एका बाजूला चढवायचा आणि दुसऱ्या बाजूला जिवंत निखारे उघडे ठेवायचे. हे फार महत्त्वाचं. नवा कोळसा तापला की आधी त्यातून वायू निघतो. तो पेटायला ज्वाळ हवी. सगळा विस्तव काळ्या कोळशाने झाकला तर वायू आत साठतो आणि दार उघडताक्षणी तोंडावर भडका येतो. म्हणून दार उघडायच्या आधी धुराड्याची झडप पूर्ण उघडायची, दार इंचभर किलकिलं करून दहा आकडे मोजायचे, मग उघडायचं. ताशी दीड किलो कोळशात मोठी बैठक ऊबदार राहते.

आपल्याकडच्या कोळशात राख फार, दहा किलोला साडेतीन-चार किलो. लाकडाची शंभर किलोला किलो-दोन किलो. ट्रे भरून राख जाळीला टेकली की खालची हवा बंद होते, जाळीला गारवा मिळत नाही आणि बीड वाकतं. वाकलेली जाळी कोळशाचा दोष नसतो, न उपसलेल्या राखेचा असतो. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, बादली घराबाहेर फरशीवर, दोन-तीन दिवस. आतला निखारा एवढा वेळ जिवंत राहू शकतो. प्लास्टिकच्या घमेल्यात राख काढून गोठ्याशेजारी ठेवणं म्हणजे कडब्याला काडी लावणंच. लाकडाची राख वाफ्यात बेताने टाकता येते. दगडी कोळशाची भाजीच्या वाफ्यात टाकू नये, तिने भांडीही घासू नयेत.

जळण बाभळीचं उत्तम. फोडून, एक अख्खा उन्हाळा खाऊन, पावसाळा शेडमध्ये काढलेलं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की टणक आवाज यावा. ओलं लाकूड बद्द वाजतं, आणि त्याची बरीच धग स्वतःचं पाणी आटवण्यात जाते. मळ्यात छाटणीच्या द्राक्षकाड्या भारंभार असतात. पेटवणाला छान, पण त्यांवर बांधलेल्या प्लास्टिकच्या दोऱ्या सोडवून घ्याव्यात. प्लाय, सनमायका, रंगवलेल्या चौकटी भट्टीत घालू नका.

घरच्यांना याच भट्टीत तांब्याची कॉइल टाकून अंघोळीचं पाणी तापवायचं होतं. प्रेशर पंपाच्या लाइनवर. याला ठाम नकार दिला. तांब्याचा बंब पिढ्यान्‌पिढ्या निर्धोक चालला, कारण त्याचं पाणी उघडं असतं. कॉइल बंद लाइनवर, मागे पाणी परत येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आणि वीज गेली, की पाणी जागीच उकळतं. एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरच्या आसपास होते. तिला वाट नसेल तर ती वाट फोडते. कॉइल टाकायचीच असेल तर एक इंची, टाकी भट्टीपेक्षा उंचावर, म्हणजे पाणी विजेविना स्वतःच फिरेल. वरच्या टाकीच्याही वर जाणारं उघड्या तोंडाचं पाइप हवं, आणि कॉइल व त्या पाइपाच्या मध्ये एकही कॉक नको. इथे बंब वेगळाच ठेवला, मागच्या पडवीत.

काजळी महिन्यातून एकदा पाहावी. तीन मिलिमीटरचा थर झाला की ब्रश फिरवायचा, गच्चीवरून खाली. धुराड्यातून रेल्वे जाते तसा घोंगावता आवाज आला तर आत काजळी पेटली आहे. हवेच्या दोन्ही झडपा बंद, सगळे बाहेर, १०१ ला फोन. पाणी ओतू नका, तापलेलं पाइप आणि विटा फुटतात.

मृग लागायच्या आत धुराडं साफ करून, राख शेवटच्या चिमटीपर्यंत काढून, वरच्या तोंडावर झाकण ठेवायचं, म्हणजे चार महिन्यांचा पाऊस काजळीत मुरत नाही. त्याच वेळी भट्टीच्या दाराच्या मुठीला पुठ्ठ्याची चिठ्ठी तारेने बांधायची: वर झाकण आहे. दिवाळीनंतर थंडी पडते तेव्हा ही गोष्ट कुणाच्याही लक्षात नसते. चिठ्ठीची तार सोडायची ती झाकण गच्चीवरून खाली आणून हातात आल्यावरच.